आज्ञांची मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न समाजवादी विचाराला नवा नाही. परंतु यंत्राला द्यावयाच्या आज्ञा कोणाच्या मालकीच्या भाषेत लिहिल्या जातात, हा प्रश्न आपल्या चर्चांतून अद्याप पुरेसा पुढे आलेला नाही. तांत्रिक बाब म्हणून तो अभियंत्यांवर सोपवून दिला जातो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. श्रम कोणी केले, ते कोठे साठले आणि त्या साठ्याची किल्ली कोणाच्या हाती राहिली, असे त्याचे सरळ स्वरूप आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ओक रिज येथे सरकारी प्रयोगशाळा आहे. तेथे २०१२ साली 'टायटन' आणि २०१८ साली 'समिट' हे महासंगणक उभे राहिले. दोहोंतील आकडेमोडीचा मुख्य भार एन्व्हिडिया या कंपनीच्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर होता. २०२२ साली तेथेच 'फ्रंटियर' आला. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींची मर्यादा ओलांडणारा, जागतिक क्रमवारीत नोंदला गेलेला हा पहिला संगणक. त्यातील सदतीस हजारांवर ग्राफिक्स प्रोसेसर मात्र एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचे होते. यंत्राचा पुरवठादार बदलला. पण मधल्या दहा वर्षांत शास्त्रज्ञांनी हवामान, धातू, औषधे, अणुऊर्जा अशा विषयांवर ज्या आज्ञावली लिहिल्या होत्या, त्यांतील पुष्कळशा जुन्या पुरवठादाराच्या भाषेत होत्या आणि नव्या यंत्राला त्या कळत नव्हत्या. अशा यंत्रांसाठी आज्ञावली नव्याने सिद्ध करण्याचा कार्यक्रम अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ सालीच हाती घेतला होता. त्यावर सुमारे १.८ अब्ज डॉलर खर्च झाले. यंत्रखरेदीचा खर्च त्याहून वेगळा होता. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या सरकारलाही दुकान बदलण्यासाठी एवढी तयारी करावी लागते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही गुंतवण कशी निर्माण झाली? ग्राफिक्स प्रोसेसर हा मुळात संगणकावरील खेळांची चित्रे पडद्यावर उमटविण्यासाठी जन्माला आला. पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांचा रंग एकाच वेळी ठरवावयाचा, म्हणून त्यात एका हुशार कारागिराऐवजी हजारो साधे कामगार एकाच तालावर काम करतात. हीच रचना विज्ञानातील प्रचंड आकडेमोडीला उपयोगी पडते, हे ओळखून एन्व्हिडियाने २००६ साली 'कुडा' ही व्यवस्था जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती प्रोग्रॅमरांच्या हाती दिली. सी या सर्वपरिचित भाषेला तिने स्वतःच्या काही खुणा व आज्ञा जोडल्या. साधने विनामूल्य दिली, विद्यापीठांतून ती शिकविली जावीत अशी तजवीज केली आणि गणिताच्या तयार आज्ञासंग्रहांची भर घालीत गेली. हे काम कंपनीने कष्टाने व दूरदृष्टीने केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या भाषेत लिहिलेली आज्ञावली चालावयाची ती त्या एकाच कंपनीच्या प्रोसेसरवर. भाषा फुकट होती. तिच्यातून मोकळे होणे फुकट नव्हते.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. पुस्तकी सिद्धांतात ग्राहक दोन विक्रेत्यांच्या किमती पाहतो आणि स्वस्त माल घेतो. प्रत्यक्षात ग्राहकाजवळ पूर्वीच्या श्रमाचा साठा असतो. मार्क्सने ज्याला मृत श्रम म्हटले, तो या क्षेत्रात लोखंडात नसून आज्ञावलीत साठलेला असतो. हा साठा ग्राहकाने स्वतः, स्वतःच्या पगारी माणसांकडून निर्माण केलेला असतो. तरी तो एका विक्रेत्याच्या यंत्राला बांधलेला असल्यामुळे साठा जसजसा वाढतो, तसतशी विक्रेत्याचीच बाजू बळकट होते. दुसऱ्या यंत्राची किंमत निम्मी असली, तरी भाषांतराचा खर्च त्यात मिळविला की ते महाग ठरते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एन्व्हिडियाची विक्री १३०.५ अब्ज डॉलरची होती आणि तिच्या ढोबळ नफ्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. हा सगळा नफा केवळ भाषेच्या मालकीमुळे आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. यंत्रांची गुणवत्ता आणि मागणीचा पूर हीदेखील कारणे आहेत. परंतु प्रतिस्पर्धी असतानाही ग्राहक तिकडे वळत नाहीत, याचा उलगडा भाषेचा विचार केल्यावाचून होत नाही.

आता भाषांतराचे काम प्रत्यक्षात कसे असते ते पाहू. एएमडीने २०१५ साली 'हिप' ही व्यवस्था जाहीर केली. तिची रचना कुडाशी मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली आहे. कुडात यंत्राच्या स्मृतीत जागा मागण्याची आज्ञा 'कुडा-मॅलॉक' असेल, तर हिपमध्ये ती 'हिप-मॅलॉक' होते. असे शब्द बदलून देणारी साधनेही कंपनीने तयार केली आहेत, आणि हिपमध्ये आणलेली आज्ञावली पुन्हा एन्व्हिडियाच्या यंत्रासाठीही सिद्ध करता येते. इंटेलनेही कुडातील आज्ञावली 'सिकल' या खुल्या प्रमाणात आणून देणारे साधन काढले. नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आपोआप बदलून मिळतो, असा त्या कंपनीचा दावा आहे. दावा खरा धरला, तरी खरी अडचण उरलेल्या भागात असते.

कुडामध्ये कामगारांना 'थ्रेड', म्हणजे धागे म्हणतात, आणि बत्तीस धाग्यांचा एक गट एकाच वेळी एकच आज्ञा पाळतो. या गटाला 'वार्प' असे नाव आहे. हे नाव विणकामातून, मागावरील ताण्यावरून घेतलेले आहे. फ्रंटियरमधील प्रोसेसरात हाच गट बत्तिसाचा नसून चौसष्टाचा असतो. आता समजा, एखाद्या प्रोग्रॅमरने गटातील सर्व धाग्यांजवळच्या संख्यांची बेरीज करताना सोळा, आठ, चार, दोन, एक अशा पाच पायऱ्या लिहिल्या. बत्तिसांची बेरीज त्यात पुरी होते. चौसष्ट असतील, तर निम्मे धागे हिशेबाबाहेर राहतात. कोणत्या धाग्यांनी होकार दिला याची नोंद बत्तीस खणांच्या पेटीत ठेवली असेल, तर उरलेल्या बत्तिसांचे होकार गळून पडतात. यंत्र तक्रार करीत नाही. आज्ञावली चालते, उत्तर येते आणि ते चुकीचे असते. मूळ प्रोग्रॅमरने 'बत्तीस' हा आकडा कोठेच लिहिलेला नसेल, केवळ गृहीत धरलेला असेल, तर तो शोधून काढण्यात आठवडे जातात.

याखेरीज वेगासाठी काही ओळी थेट यंत्राच्या जवळच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या असतात. त्या हातानेच नव्याने लिहाव्या लागतात. एका कंपनीच्या आज्ञासंग्रहातील एखाद्या सोयीला दुसरीकडे जोड नसते. तेथे ती सोय नव्याने उभारावी लागते. शेवटी, दशांशातील संख्यांची बेरीज वेगळ्या क्रमाने झाली की शेवटचे अंक थोडे बदलतात. हा बदल निरुपद्रवी आहे की भाषांतरातील चुकीचे लक्षण आहे, हे ठरवावयास विषयाचा जाणकारच हवा. तात्पर्य, हे काम कारकुनीचे नाही. ते करणाऱ्यांत पुष्कळदा संशोधक विद्यार्थी आणि तरुण प्रोग्रॅमर असतात. नवे संशोधन म्हणून त्याची क्वचितच गणना होते. साहित्यात अनुवादकाची जी उपेक्षा होते, तीच येथेही दिसते.

मालक कंपनीला या भाषांतराची धास्ती वाटते, याचा पुरावा तिच्याच परवान्यात आहे. कुडाच्या साधनांतून निघालेल्या यांत्रिक फलिताची उकल करून ते अन्य कंपनीच्या यंत्रासाठी भाषांतरित करण्यास परवान्याचे एक कलम मनाई करते. २०२४ च्या मार्च महिन्यात या कलमाची बरीच चर्चा झाली. स्वतः लिहिलेली मूळ आज्ञावली नव्याने लिहून दुसरीकडे नेण्यास मात्र त्यामुळे बाध येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित मार्ग तोच, जो श्रमाचा आहे.

हा झगडा आजचा नाही. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ साली बाजारात आले आणि कार्यालयांतून सर्वत्र पसरले. त्याच्या आज्ञावली त्याच्याच भाषेत होत्या. १९६३ च्या डिसेंबरात हनीवेल कंपनीने आपले '२००' हे यंत्र जाहीर केले आणि त्याबरोबर १४०१ च्या आज्ञावली आपल्या यंत्रावर आणून देणारे साधन दिले. त्याचे नाव 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता. जाहिरातबाजीचा भाग सोडला, तरी नाव अचूक होते. १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएमने '३६०' ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा तीतील लहान यंत्रावर १४०१ च्या आज्ञावली चालतील अशी सोय तिला स्वतःच करावी लागली. पण या मुक्तीला मर्यादा होती. विक्रेत्याने दिलेली मुक्ती ही एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्यापुरतीच असते.

वेगळा मार्ग त्याआधीच दिसला होता, आणि तो ग्राहकाने दाखविला होता. १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यंत्रे बनविणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांना एकत्र बोलाविले. त्यातून कोबोल ही हिशेबाच्या कामाची सामाईक भाषा घडली. १९६० च्या डिसेंबरात जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली युनिव्हॅक आणि आरसीए या दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. संरक्षण खात्याने त्याच सुमारास धोरण जाहीर केले की, ज्या यंत्रावर कोबोल चालत नाही ते यंत्र, तसेच सबळ कारण दाखविल्यावाचून, विकत वा भाड्याने घेतले जाणार नाही. विक्रेत्यांचा नाइलाज झाला. संरक्षण खात्याला समाजवादाशी काही कर्तव्य नव्हते, हे उघडच आहे. परंतु सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्याची ताकद कशी वापरावी, याचा वस्तुपाठ त्यात आहे.

दुसरा वस्तुपाठ १९९४ सालचा. अनेक प्रोसेसर जोडून केलेल्या महासंगणकांत प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप पाठविण्याची रीत तोवर प्रत्येक कंपनीची निराळी होती. सुमारे चाळीस संस्थांतील साठेक तज्ज्ञांनी दोन वर्षे बैठका घेऊन 'एमपीआय' हे सामाईक प्रमाण निश्चित केले. त्या काळातील यंत्रे बनविणाऱ्या काही कंपन्या बुडाल्या, नामशेष झाल्या. एमपीआयमध्ये लिहिलेले विज्ञान तेवढे टिकून आजही चालते आहे.

या इतिहासात भारताचा आणि महाराष्ट्राचाही भाग आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे असा आग्रह धरला गेला. आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ साली ती देशातून गेली. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. हा निर्णय स्वाभिमानाचा होता, यात शंका नाही. पण मालक गेल्यावरही त्याची यंत्रे आणि त्यांच्या भाषेतील आज्ञावली मागे राहिल्याच होत्या. ती यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीने केले, म्हणून कामे बंद पडली नाहीत. मालकाला निरोप देणे हा निम्मा कार्यक्रम; मागे राहिलेले काम चालू ठेवण्याची शक्ती स्वतःच्या अंगी असणे हा उरलेला निम्मा.

याच दशकात मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम घेतले. रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यावयाची होती. दोन्हीकडे कोबोलच होते; पण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांवरील कोबोलही सारखे नव्हते. म्हणजे ज्या सॉफ्टवेअर-निर्यातीचा आज अभिमान बाळगला जातो, तिच्या आरंभीच्या कामांत एका यंत्राची भाषा दुसऱ्या यंत्राला समजावून देण्याचे कष्ट आहेत. भारतीय प्रोग्रॅमरांनी पाश्चात्त्य ग्राहकांचे दोर सोडविले. देशाच्या स्वतःच्या कामांबाबत तेवढी दक्षता राहिली का, हे तपासून पाहिले पाहिजे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा अनुभवही हेच सांगतो. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध केला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' वापरले होते. काही वर्षांतच त्या प्रोसेसरांचा वंश खुंटला, आणि परमच्या पुढील पिढ्यांना आधी इंटेलच्या आय-८६० कडे व नंतर स्पार्क जातीच्या प्रोसेसरांकडे वळावे लागले. यात संस्थेचा दोष नाही. प्रोसेसराचे आयुष्य पाच-सात वर्षांचे आणि हवामानाच्या वा द्रव-प्रवाहाच्या एखाद्या आज्ञावलीचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते. दीर्घायुषी वस्तू अल्पायुषी वस्तूला बांधणे हा व्यवहारच तोट्याचा.

हा तोटा आज मोठ्या प्रमाणावर पत्करला जाण्याची भीती आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यक्रमासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत या कार्यक्रमाखाली ३४ हजारांवर ग्राफिक्स प्रोसेसर उपलब्ध झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्यांत एएमडी आणि इंटेल यांचीही यंत्रे आहेत. मोठा भाग एन्व्हिडियाचा आहे. चर्चा होते ती प्रोसेसर किती, याची. त्यांच्यावर सार्वजनिक पैशाने जे लिहिले जाईल ते कोणत्या भाषेत, हे कोणी विचारीत नाही. याच काळात, २०२५ च्या जानेवारीत, अमेरिकी सरकारने अशा प्रोसेसरांच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम जाहीर केला आणि भारताला मर्यादा असलेल्या देशांत बसविले. मे महिन्यात तो नियम मागे घेण्यात आला. नियम गेला, पण तो एका सहीने पुन्हा येऊ शकतो, ही जाणीव राहिली.

येथे काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा की, एन्व्हिडिया सोडून एएमडीकडे गेल्याने काय साधले? दोन्ही कंपन्या अमेरिकीच, आणि हिप ही एका कंपनीच्याच नेतृत्वाखालील व्यवस्था. आक्षेप योग्य आहे. हिपची आज्ञावली खुली असली, तरी तिचा सुकाणू एका हाती आहे. म्हणून सिकलसारख्या, अनेक संस्थांनी मिळून ठरविलेल्या प्रमाणाला अधिक मोल आहे. आणि उद्या देशी प्रोसेसर घडला, तरी त्याच्यावर चालवावयास आज्ञावली नसतील, तर तो पोरकाच राहील. आज केलेले भाषांतर हे त्या उद्याच्या यंत्राचीही पूर्वतयारी असते.

दुसरा आक्षेप : खुली प्रमाणेही टाकून दिली जातात. हेही खरे. 'ओपनसीएल' हे खुले प्रमाण ॲपल कंपनीच्या पुढाकाराने २००८ साली आले, आणि त्याच ॲपलने २०१८ साली आपल्या यंत्रांवर ते निवृत्तीच्या वाटेला लावले. प्रमाण एकदा ठरले की काम संपले असे होत नाही. ते सांभाळावे लागते, त्यासाठी माणसे व पैसा लागतो. सार्वजनिक विहीर कोणी उपसली नाही तर गाळाने भरते, तसेच हे आहे.

तिसरा आक्षेप वेगाचा. सर्व यंत्रांना चालणारी आज्ञावली कोणत्याच यंत्रावर सर्वोत्तम चालत नाही, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु बहुतेक आज्ञावलींत वेळ खाणारा गाभा लहान असतो. तेवढा गाभा यंत्रागणिक वेगळा ठेवून बाकीचा डोलारा सामाईक ठेवता येतो. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील 'कोकोस' ही व्यवस्था अशाच विचारातून निघाली आहे : शास्त्रज्ञाने गणित एकदाच लिहावे आणि यंत्राच्या सवयी खालच्या थराने सांभाळाव्यात. काही टक्के वेग गमवावा लागला, तरी पुढच्या खरेदीत दहा विक्रेत्यांपुढे ताठ मानेने उभे राहता येते. ही किंमत जास्त नाही.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? विधिमंडळात, विद्यापीठांच्या अधिसभांत, बँक व सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांत काही साध्या मागण्या पुढे आणता येतील. सार्वजनिक पैशाने लिहिलेली आज्ञावली खुल्या प्रमाणात असावी, आणि एका कंपनीपुरता मजकूर अपरिहार्य असेल तर तो वेगळ्या, नाव दिलेल्या थरात असावा. काम स्वीकारण्यापूर्वी ते किमान दोन निर्मात्यांच्या यंत्रांवर चालवून उत्तरे पडताळावीत. तशी अट निविदेतच असावी. यंत्राच्या किमतीबरोबर ते सोडून जाण्याची किंमतही निविदेत मांडली जावी. भाषांतराचे काम करणाऱ्या तरुणांना नियमित वेतन आणि त्या कामाचे श्रेय मिळावे. आणि जेथे ही प्रमाणे ठरतात, तेथे भारतीय संस्थांनी प्रेक्षक म्हणून न बसता आपली माणसे पाठवावीत.

या मागण्यांत कोणत्याही कंपनीला हाकलून देण्याची भाषा नाही. १९६० साली एका सरकारी खात्याने विक्रेत्यांना जे सांगितले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे. पुढच्या वेळी एखाद्या विद्यापीठात वा सरकारी कार्यालयात नव्या यंत्राचा नारळ फुटेल, तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत : येथे लिहिले जाणारे काम उद्या दुसऱ्या यंत्रावर चालेल काय, आणि चालते हे कोणी पाहिले आहे?